डोळा काढायच्या आधी काय काय बघून ठेवावं

बाबांचा डावा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. कित्येक वर्षं त्यानं त्रास दिला नाही, मग असा ठणकायला लागला की काढून टाकायचं ठरलं. पट्टी सुटली तेव्हा आईनं वाकून पाहिलं आणि घाबरून विचारलं, “अहो, डोळा कुठाय?” आत गोळा बसवणार एवढं ऐकून तोच नकली डोळा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तर सगळ्यात आधी हे डॉक्टरांकडून समजून घ्या. खोबणीत खोलवर बसतो तो गोळा, साधारण १८ ते २२ मिलिमीटरचा. तो गेलेल्या डोळ्याची जागा भरतो आणि कायम आतच राहतो. दिसणारा डोळा म्हणजे वरून बसवायची वाटी, ती सहा ते आठ आठवड्यांनी. गोळा त्याच ऑपरेशनमध्ये बसणार की नंतर, कशाचा, किती मापाचा, हे विचारून कागदावर उतरवा. डोळ्याचं पांढरं कवच ठेवून आतलं काढणार की अख्खा डोळा, हेही विचारा. डोळ्यात गाठ असेल तर अख्खाच काढतात आणि तपासणीला पाठवतात. तो रिपोर्ट कधी मिळेल ते आत्ताच विचारून ठेवा.

रक्त, साखर, बीपी, ईसीजी हे नेहमीचंच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र नक्की सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. हृदयाचा जुना त्रास भूलतज्ज्ञांपासून लपवू नका, कारण डोळ्याचे स्नायू ओढले की नाडी एकदम मंदावू शकते. संमतीपत्रावर सही करताना उजवा की डावा हा शब्द मोठ्यानं वाचा. कपाळावर खूण करायला आले की बाबा ओरडायचे, “किती वेळा विचारता?” विचारू दे, तेच बरं.

पिशवीत पुढून बटणांचा शर्ट, काळा चष्मा, धुतलेले मऊ सुती रुमाल आणि एक जादा उशी टाका. डोकं उंच ठेवून झोपावं लागतं. पट्टी घट्ट असते. पहिले एकदोन दिवस दुखतं, मळमळतं. तेव्हा भेटायला येणाऱ्यांना गोडीनं थांबवा.

पट्टी सुटल्यावर पापण्यांच्या आत गुलाबी अस्तर आणि त्यावर प्लास्टिकची पारदर्शक चकती दिसेल. तिला कन्फॉर्मर म्हणतात. ती खोबण आक्रसू देत नाही, तेव्हा खुपली तरी काढून ठेवू नका. आमची एकदा तोंड धुताना बेसिनमध्ये पडली आणि बाबांनी ती शर्टाच्या खिशात घातली! पडलीच तर स्वच्छ डबीत ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. घाण पाणी, पू, किंवा आतला गोळा उघडा पडल्यासारखा दिसला तरी तसंच.

ज्यांचा डोळा आत्तापर्यंत दिसत होता, त्यांना अंतराचा अंदाज चुकेल. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायचं, जिना उतरताना कठडा धरायचा. राहिलेल्या डोळ्यासाठी नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या काचांचा चष्मा आधीच करून घ्या. ह्या बाबतीत मी हट्टी आहे. शेतात तर तो हवाच.

कृत्रिम डोळा करणाऱ्याकडची वेळ शक्यतो दिवसाची घ्या, रंग उजेडात नीट जुळतो. तयार साच्यातला डोळा स्वस्त पडतो, पण खोबणीचं माप घेऊन केलेला जास्त नीट बसतो. नंतर तो पाणी आणि सौम्य साबणानंच धुवायचा. तो ॲक्रिलिक प्लास्टिकचा असतो, स्पिरिटनं त्याला तडे जातात. बाबांच्या वाटीवर तो माणूस चिमट्यानं लाल रेशमाचे बारीक धागे चिकटवत होता, शिरा दिसाव्यात म्हणून. बाबा शेजारी बसून म्हणाले, “पांढरं जरा पिवळट करा. जोडीदार पासष्ट वर्षांचा आहे.”