तबल्याच्या रियाजाचा कंटाळा येतो तेव्हा काय तपासावं

तबल्याच्या रियाजाला कंटाळलो असं कुणी म्हणालं, की आधी त्याचा तबला वाजवून पाहावा. बहुतेक वेळा तो उतरलेला, म्हणजे सुराच्या खाली गेलेला, सापडतो. 'ना' या बोलाला आस (घुमत राहणारा स्वर) नाही म्हणून बोट जोरात पडतं, जोरात पडतं म्हणून दुखतं, आणि दुखतं म्हणून बसावंसं वाटत नाही. शिकणारा मात्र हे सगळं स्वतःच्या आळसाच्या नावावर मांडतो आणि वाद्य कपाटावर जातं.

इंदूरमध्ये ही अडचण जरा जास्तच जाणवते, कारण इथल्या माणसाचा कान तयार असतो. होळकर दरबारात नाना पानसे यांचा पखवाज गाजला, उस्ताद जहांगीर खाँ यांनी याच शहरात कित्येक शिष्य घडवले. घरगुती बैठकीत, भजनात, गणपतीत चांगला तबला लहानपणापासून कानावर पडलेला असतो. आपल्या हातातून निघणारा आवाज नकळत त्याच्याशी ताडला जातो आणि हिरमोड होतो. कानाला कमी करता येत नाही, करूही नये. हाताला मदत करायची, आणि त्याची सुरुवात वाद्यापासून होते.

तबला मिळवायला स्वतः शिका

पुष्कळ विद्यार्थी दोन-दोन वर्षं शिकतात आणि तबला मिळवणं, म्हणजे सुरात लावणं, गुरुजींवर सोडतात. मग आठवड्यातून एकदाच तबला सुरात असतो, तोही क्लासमध्ये. हे पहिल्या महिन्यातच शिकावं.

आधी सूर ठरवा. मोबाइलवरचा तंबोरा पुरे. साडेपाच इंची तोंडाचा तबला साधारण हार्मोनियमच्या काळी एकच्या आसपास बोलतो; त्याला ओढून फार वर न्यायला गेलं तर पुडी (वरचं कातडं) लवकर फाटते, फार खाली ठेवलं तर 'ना' मरतो. तंबोरा लावून गजऱ्याची, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेची, सोळाही घरं एकेक करून तपासा. तर्जनी चाटेवर (पुडीच्या काठाच्या पट्टीवर), त्या घराच्या जवळ मारायची. अनामिका नेहमीसारखी टेकलेली. जे घर खाली बोलतं तिथे गजऱ्यावर वरून हातोडीचा हलका ठोका. जे चढलेलं आहे तिथे गजऱ्याला खालून वर ठोका. एक घर हललं की समोरचंही थोडं हलतं, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर समोरचं घर ऐका. आधी सगळी घरं एकमेकांशी मिळवा, सुराकडे नंतर बघा. उलट क्रमाने गेलात तर अर्धा तास जातो आणि तबला तसाच राहतो.

सगळीच घरं बरीच खाली असतील तर गजऱ्यावर मारत बसू नका. तिथे गट्ट्यांचं, म्हणजे बाजूच्या चामडी पट्ट्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांचं, काम आहे. एक गट्टा खाली ठोकला की लगेच त्याच्या समोरचा, मग त्यांच्या मधले दोन, असं फिरायचं. एकाच बाजूने ठोकत गेलं की पुडी एका अंगाला ओढली जाते आणि शाई (पुडीवरचा काळा गोल लेप) मधोमध राहत नाही. हातोडी कातड्यावर पडू देऊ नका. एक चुकार ठोका आणि चाट चिरते.

एवढी खटपट कशासाठी, याला भक्कम कारण आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून बहुतेक चर्मवाद्यांचा आवाज नुसता धप्प येतो. तबल्यात शाईच्या वजनामुळे ते उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, सी. व्ही. रामन यांनी हे १९२० मध्येच दाखवून दिलं. पण सगळीकडचा ताण सारखा असेल तरच ही जादू चालते. दोन घरं कमी-जास्त झाली की तोच स्वर फुटून थरथरतो, आणि तंबोऱ्यात मिसळून जाणारा 'ना' तंबोऱ्याशी भांडायला लागतो. चांगल्या मिळालेल्या तबल्यावर नुसता 'ना' दहा वेळा वाजवला तरी हात उठवावासा वाटत नाही.

हवामान लक्षात ठेवा. पावसाळ्यात कातडं ओलावा धरतं आणि तबला रोज उतरतो; तेव्हा गट्टे ठोकून चढवलेला तबला ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात आपोआप आणखी ताणतो. त्या दिवसांत तो तसाच कपाटावर पडून राहिला तर पुडी वाजवल्याशिवायच फाटू शकते. पाऊस संपला की गट्टे थोडे वर घ्या. आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी कूलर चालतात, त्याच्या दमट झोतात ठेवलेला तबलाही उतरतो. कूलर एका भिंतीला, तबला दुसऱ्या. पुडी गॅसवर शेकणं मात्र अजिबात नको. शाई सुटते, आणि सुटलेली शाई घरी परत बसवता येत नाही.

एक कायदा, पण त्याच्याशी खेळत

पुढचा घोटाळा लयीचा. कायदा (ठराविक बोलांची मूळ रचना) शिकवला त्याच दिवशी तो चौगुनीत (चौपट लयीत) वाजवायचा मोह होतो. दोन आवर्तनं कशीबशी जातात, मग 'तेटे' चिकटतं, खांदे वर चढतात, हात दगडासारखा होतो. आठवडाभर हेच केलं की मेंदूला चिकटलेलं 'तेटे'च पाठ होतं. पुढे ते सोडवायला महिने लागतात, आणि रियाज नकोसा वाटायला लागतो तो इथेच.

दिल्लीचा सगळ्यांना येणारा कायदा घ्या:

धा धा ते टे । धा धा तिं ना
ता ता ते टे । धा धा धिं ना

लेहरा (तालाची मोजणी धरणारी फिरती धून) मिनिटाला ६० मात्रांवर ठेवा. मात्रेला एक बोल वाजवला की सोळा मात्रांचं त्रितालाचं आवर्तन बरोबर सोळा सेकंदांत संपतं. इतक्या संथ लयीत काय ऐकायचं हे ठरलेलं असलं की कंटाळा येत नाही. पहिल्या पाच आवर्तनांत फक्त 'ते' आणि 'टे' ऐका: दोन्हींचं वजन सारखं आहे का, 'टे'ची तर्जनी शाईवरून लगेच उठते का. पुढच्या पाचांत फक्त डग्गा (डाव्या हाताचं वाद्य): 'धा'ला घुमारा येतो का, की डाव्या मनगटाचा भार इतका पडलाय की नुसतं 'क' ऐकू येतंय. मग पाच आवर्तनं फक्त खालीकडे (तालाच्या टाळी नसलेल्या भागाकडे) लक्ष: 'ता ता'ला डग्गा खरोखर बंद आहे ना. शेवटी सगळं सोडून फक्त समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येणं ऐका. तोच कायदा असतो, पण दर वेळी कान वेगळ्या जागी असतो.

लागोपाठ तीन आवर्तनं स्वच्छ गेली की लेहरा पाचाने वाढवा. एक बिघडलं की पाचाने कमी. दुगुन सुरू करताना पुन्हा ६०वर या. हा नियम कोरडा वाटेल, पण त्यातच खरी गोडी आहे, कारण आज ७० आणि परवा ७५ हे कुणाच्या शाबासकीशिवाय स्वतःला कळतं.

खरा आनंद पलट्यात (कायद्याचेच बोल फिरवून केलेल्या रचनेत) आहे, आणि तोच भाग सर्वांत कमी केला जातो. बहुतेक जण वहीतले पलटे पाठ करतात. त्याऐवजी स्वतः एक बनवून पाहा. नियम एवढेच, की बोल कायद्यातलेच हवेत, शेवट 'तिं ना' आणि 'धिं ना' यांचाच हवा आणि खालीच्या जागी खाली हवी. समजा 'धा ते टे' हा तीन अक्षरांचा तुकडा उचलला:

धा ते टे धा । ते टे धा धा । धा धा ते टे । धा धा तिं ना
ता ते टे ता । ते टे ता ता । धा धा ते टे । धा धा धिं ना

तीन, तीन, दोन, आणि मग मूळ कायदा. पहिल्या दोन विभागांत चाराच्या घरात तीन अक्षरं सरकतात, म्हणून तो कानाला तिरका लागतो. नवव्या अक्षरावर सरळ होतो तेव्हा बरं वाटतं. आधी टाळी देत पढंत करा (बोल तोंडाने म्हणा), हात नंतर. दिवसाला एक पलटा स्वतःचा, मग तो साधा का असेना. वहीत तारीख घालून लिहा.

तिहाईही (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) अशीच उकलून बघावी. 'तिट कत गदि गन धा' या पाच मात्रा. समेपासून निघा, प्रत्येक वेळी मध्ये एक मात्रा थांबा: पाच, एक, पाच, एक, पाच, एकूण सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. हा हिशेब एकदा बोटांवर मांडला की 'धा' समेवर का पडतो ते समजतं, आणि नंतर तो पडला की अंगावर काटा येतो. मधली एक मात्रा घाईत खाल्ली जाते, चूक नेहमी तिथेच होते. थांबताना मनात 'एक' म्हणा.

लेहऱ्याशिवाय केलेल्या रियाजात हा समेचा आनंद नसतोच. लेहरा नसेल तर निदान टाळी-खाली मोठ्याने मोजणारं कुणी बसवा. लहान मूल शिकत असेल तर हे काम आई-आजोबांचं. पाहुण्यांसमोर 'वाजवून दाखव' म्हणण्यापेक्षा रोज दहा मिनिटं समोर बसून टाळी द्यावी आणि मध्येच विचारावं, "बाळा, खाली कुठे आली?" नवव्या मात्रेवर मुलाने हात उघडा केला की बास.

वेळ, जागा आणि शेजारी

तबला पिशवीत भरून ठेवला तर काढायलाच दहा मिनिटं जातात आणि त्यातच बेत बदलतो. तो चुंबळीवर, कव्हर घालून, एका कोपऱ्यात कायम मांडलेला असावा. शेजारी हातोडी, पावडरचा डबा, वही. रोजची किमान मुदत पंचवीस मिनिटं पुरे: पाच मिनिटं विलंबित ठेका, दहा कायदा-पलटे, पाच नुसता डग्गा, आणि शेवटची पाच मनाला येईल ते. शेवटची पाच मिनिटं अभ्यासाला देऊ नका. उद्या परत बसावंसं वाटतं ते त्यांच्यामुळे.

फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर वाजवता येत नाही ही खरी अडचण आहे. पुडीवर रुमाल टाकून 'तेटे' आणि 'तिरकिट' यांचा रियाज होतो, कारण त्यात बोटांची हालचाल महत्त्वाची. 'ना' आणि 'तिं' मात्र रुमालावर करू नका. आस ऐकू येत नाही आणि बोट जोर लावायला शिकतं. रात्रीची वेळ पढंतीला द्या. सम, पाचवीला टाळी, नववीला खाली, तेरावीला टाळी, आणि तोंडाने कायदा. जे तोंडातून स्वच्छ येत नाही ते हातातून येत नाही, हे तुम्हाला दोन दिवसांत पटेल.

तर्जनीच्या टोकाची कातडी जाड होणं, कधी चिरणं स्वाभाविक आहे. चिरली तर दोन दिवस चाटेवरचे बोल टाळून पढंत करा. मनगट किंवा कोपराखालचा भाग दुखत असेल तर ते स्वाभाविक नाही. बैठक तपासा: तबला फार जवळ आहे का, खांदे चढलेत का, डग्गा इतका उंच आहे का की मनगट मोडून धरावं लागतंय. चुंबळ बदलूनही हे पुष्कळदा सुटतं.

कुणासोबत तरी वाजवा

दर आठवड्याला एकदा तरी गाणाऱ्याच्या शेजारी बसा. रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा तुमच्याच कॉलनीत एखादं भजनी मंडळ असेल, तिथे कायदा कुणी मागत नाही. दादरा (धा धी ना, धा ती ना) आणि केरवा (धा गे ना ती न क धि न) नीट आले की पुरतं. गणपतीचे दहा दिवस तर सोनंच आहेत, घरात सकाळ-संध्याकाळ आरती असते. आरतीत सगळे हळूहळू पळायला लागतात, टाळ्या आणि झांजा लय ओढतात. तबल्याने तिथे पळायचं नाही, मोठ्यानेही वाजवायचं नाही. डग्ग्याची पहिली मात्रा ठळक ठेवायची, बाकी हलकं. एका कडव्यात सगळे तुमच्या लयीवर परत आले, की एकट्याने केलेल्या रियाजाचा उपयोग समजतो.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत असाल तर प्रवेशिका, मध्यमा या पायऱ्यांचा फायदा आहे, तारीख जवळ आली की हात आपोआप चालतो. पण परीक्षा संपली की वाद्य बंद, असंही खूप दिसतं. म्हणून अभ्यासक्रमाबाहेरची एक गोष्ट कायम चालू ठेवा: एखादी लग्गी, एखादा आवडता रेला.

खंड पडला असेल तर

लग्नसराई, परीक्षा, आजारपण, कारण काहीही असो, महिनाभर तबला बंद राहिला की परत बसताना लोक जुन्या लयीवरून सुरुवात करतात आणि पहिल्याच दिवशी निराश होतात. पहिल्या दिवशी फक्त तबला मिळवा, पुडीला कुठे चीर नाही ना, शाईचे कण सुटत नाहीत ना ते पाहा, आणि दहा मिनिटं ठेका वाजवून उठा. दुसऱ्या दिवशी जुना कायदा, जिथे सोडला होता त्यापेक्षा लेहरा वीसाने कमी ठेवून. मोबाइल चार हात लांब ठेवून एक आवर्तन रेकॉर्ड करा आणि आठवड्याने तेच, त्याच लयीत, परत. लय साधारण दोन आठवड्यांत जुन्या जागी येते. 'तिरकिट'ला जास्त वेळ लागतो, त्याला सगळ्यात शेवटी हात घाला.