आखडलेल्या हाताचे फोटो प्लास्टिक सर्जनला पाठवण्याआधी

माझ्या आत्याचा उजवा हात गुऱ्हाळावर भाजला. काहिलीतला उकळता रस तळहातावर सांडला. जखम भरायला दोन महिने गेले, आणि भरता भरता करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत ओढलं गेलं. आत्या कराडजवळच्या गावात, सर्जन मुंबईत. आधी फोटो पाठवा, मग प्रत्यक्ष कधी यायचं ते ठरवू, असं ते म्हणाले. माझ्या आतेभावाने रात्री जेवणं आटोपल्यावर ट्यूबलाइटखाली फ्लॅश मारून सहा फोटो काढले. त्यातला एकही कामाचा निघाला नाही. व्रण नुसता चकाकत होता, गोधडीच्या ठिगळांत हात हरवून गेला होता, आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे आत्याने लाजेपोटी डाव्या हाताने बोटं धरून सरळ केली होती. हात खरा जितका आखडलाय तितका कुठेच दिसत नव्हता. दुसऱ्या खेपेला मी स्वतः गावी गेले. तेव्हा जी तयारी केली ती इथे लिहिते आहे. घरात कुणाचा भाजल्याचा जुना व्रण असेल आणि सर्जन लांबच्या शहरात असतील, तर आधी हे वाचा.

फोन हातात घेण्याआधी दवाखान्यात फोन करून कोणत्या बाजूंचे फोटो हवेत ते विचारून घ्या. काही जण यादीच पाठवतात. मग माणसाची तयारी. हाताला त्या दिवशी तेल, मलम, हळद काही लावू नका, चकाकीने व्रणाचा उंचसखलपणा दिसेनासा होतो. मेंदी रंगलेली असेल आणि घाई नसेल, तर ती उतरेपर्यंत थांबा. व्रण अजून लाल आहे की फिकट पडलाय, यावरून तो किती जुना झालाय याचा अंदाज सर्जन घेतात, आणि मेंदीखाली ते कळत नाही. गरम पाण्याने आंघोळ केली असेल तर अर्धा तास जाऊ द्या, तेवढ्या वेळात तात्पुरती लाली उतरते. अंगठ्या, घड्याळ काढा. आत्याच्या काचेच्या बांगड्या निघत नव्हत्या, कारण हात मिटून निमुळता होतच नाही. त्या ओढून काढायचा हट्ट मी धरला नाही. कोपराकडे सरकवल्या आणि खाली रुमाल बांधून अडवल्या. बाही कोपराच्या वर दुमडली.

उजेडाकडे सर्वात जास्त लक्ष द्या. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, थेट ऊन आत येत नसलेल्या खिडकीजवळ बसा. खोलीतले सगळे दिवे बंद करा. ट्यूबलाइट आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की कातडीचा रंग भलताच दिसतो. फ्लॅश नको. आमच्या गावच्या घरात भिंतींना हिरवा ऑइलपेंट आहे आणि पहिल्या दोन फोटोंत हातावर त्याचीच हिरवट झाक आली, म्हणून भिंतीपासून दूर, दाराशी बसावं लागलं. हाताखाली गडद निळी, बिननक्षीची चादर घाला. पांढऱ्या चादरीवर फोनचा कॅमेरा उजेडाचा हिशेब चुकवतो आणि कातडी काळपट दिसते.

फोनची काच मऊ सुती कापडाने पुसून घ्या. आत्याच्या घरातल्या फोनवर पिठाच्या बोटांचा थर होता, निम्मा धुरकटपणा त्यानेच आलेला. ब्यूटी मोड आणि फिल्टर बंद करा. या सोयी व्रण पुसून टाकण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि इथे आपल्याला व्रणच दाखवायचाय. मागचा कॅमेरा वापरा. पुढच्या कॅमेऱ्यात काही फोनांवर उजव्याचं डावं होऊन फोटो साठवला जातो. स्वतः फोटो काढू नका, दुसऱ्या माणसाला काढायला सांगा. साधारण दोन फुटांवरून, फोन हाताला समांतर धरून, स्क्रीनवर व्रणावर बोट टेकवा, फोकस बसला की मगच बटण दाबा. अगदी जवळ गेलात तर मधलं मोठं आणि कडेचं लहान दिसतं.

आता मुख्य काम. आधी कोपरापासून बोटांपर्यंतचा एक फोटो, मग नुसता पंजा, मग व्रण जवळून. पंजा उताणा आणि पालथा, दोन्ही. करंगळीच्या बाजूने आडवा फोटो फार महत्त्वाचा, बोट किती वाकलंय ते त्यातच कळतं. बोटं जितकी फाकतील तितकी फाकवून एक, मूठ जितकी वळेल तितकी वळवून एक, अंगठा करंगळीकडे जितका पोचेल तितका नेऊन एक. मग हात टेबलावर पालथा ठेवून बाजूने फोटो घ्या, म्हणजे तळव्याखाली किती फट राहते ते दिसेल. शेवटी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून एक, कारण चांगला हात हेच त्या माणसाचं माप असतं.

बोट स्वतःच्या ताकदीने जिथवर सरळ होतं तो फोटो वेगळा काढा आणि दुसऱ्या हाताने हळूच ताणून जिथवर जातं तो वेगळा. कोणता कोणता ते लिहून ठेवा. अडचण वरच्या कातडीची आहे, की आतल्या सांध्याची किंवा स्नायुबंधाची, याचा पहिला सुगावा या दोन फोटोंतल्या फरकावरून लागतो. ताणलेल्या फोटोत व्रणाची आखडलेली पट्टी पांढरट पडते. आत्याच्या तळहातावर ती दोरीसारखी उठून दिसली. दुखेपर्यंत मात्र ताणू नका.

एका फोटोत कंपासपेटीतली पट्टी व्रणाच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालेल, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. उघडी जखम असेल तर तिला काही टेकवू नका. चिठ्ठीवर तारीख आणि ‘उजवा’ एवढंच लिहून ती एका फोटोत घ्या. नाव लिहायची गरज नाही.

सोबत वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ हवाच. आत्याला मी भाकरी थापायला सांगितलं. पंजा सपाट पडत नाही म्हणून ती करंगळीकडची बाजू उचलून, मनगट वाकडं करून थापते. दुखतं का विचारलं की ती नाही म्हणते, पण त्या व्हिडिओत तिची अडचण लपली नाही.

तिची लाज मात्र जात नव्हती. तेव्हा मी तिला पुण्याची एक जुनी गोष्ट सांगितली. कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं. पुण्यात कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ती हकिगत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट छापून आली, आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्या चित्रात नव्या नाकाबरोबर कपाळावरचा व्रणही स्पष्ट दाखवलाय. त्यानंतर आत्याने बोटं सोडली.

व्रण मानेवर असेल तर मान सरळ, मग जितकी मागे जाईल तितकी मागे, दोन्ही बाजूंना वळवून, आणि तोंड पूर्ण उघडून असे फोटो घ्या. मान मागे जात नसेल किंवा तोंड उघडत नसेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच कळायला हवं. चेहऱ्यासाठी समोरून, दोन्ही बाजूंनी तिरका आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण आडवा, असे पाच फोटो लागतात. ते पाच फुटांवरून काढा. एका फुटावरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, असं २०१८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मांडलं आहे.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकू नका, तो दाबून लहान होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मात्र तसा पाठवला की फोटोत साठलेलं ठिकाणही सोबत जातं, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करा. घरच्या ग्रुपवर हे फोटो टाकू नका, आणि ज्याचं अंग आहे त्याला विचारल्याशिवाय कुणालाच दाखवू नका, मग ती आई असो की लहान मूल. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (म्हणजे फोन-इंटरनेटवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरांना रुग्णाच्या नोंदी आणि फोटो जपून ठेवावे लागतात, आणि फोनवर भागत नाही असं वाटलं तर ते प्रत्यक्ष बोलावू शकतात. बोलावलं तर कुरकुर करू नका.

फोटोंसोबत चार ओळी लिहा: वय, कधी आणि कशाने भाजलं, कामाचा हात कोणता, आधीची शस्त्रक्रिया, साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, अंगावर दुसरीकडे कुठे फुगीर व्रण उठलाय का. आणि तंबाखू. आत्या मिश्री लावते, आणि तंबाखू म्हटल्यावर तिला मिश्री आठवली नव्हती. तंबाखूतल्या निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, शस्त्रक्रियेत लावलेली कातडी नीट धरत नाही, तेव्हा हे स्पष्ट विचारा.

ताजं भाजलं असेल तर फोटो काढत बसू नका, थेट दवाखाना गाठा. जुन्या भाजलेल्या व्रणावर नवी जखम होऊन ती भरत नसेल, रक्त किंवा वास येत असेल, तरीही ताबडतोब डॉक्टरांकडे जा. अशा जखमेत कधी कधी कर्करोग होतो आणि तो तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही.

आत्याला मिश्री बंद करून पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष बोलावलं आहे. दाराशी फरशीवर खडूने केलेली खुर्चीची खूण मी रंगाने पक्की करून आले, निळी चादर घडी घालून कपाटात ठेवली. शस्त्रक्रियेनंतरचे फोटो तिथेच बसून, सकाळी त्याच वेळी काढायचे आहेत.