डेटाबेसवरून लॉगिन होणारा फाइल सर्व्हर निवडताना

अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर, नारायण पेठेतील एका मुद्रणपूर्व कामाच्या कार्यालयात मी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून रुजू झाले, तेव्हा तेथील फाइल सर्व्हरवर प्रत्येक प्रकाशकासाठी लिनक्सचे स्वतंत्र खाते उघडलेले होते. कामांची नोंद ठेवणारी वेबसाइट मात्र आपले वापरकर्ते मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवत असे. त्यामुळे एकाच ग्राहकाला दोन पासवर्ड सांभाळावे लागत, आणि वेबसाइटवरून नाव काढले तरी फाइल सर्व्हरचे दार उघडेच राही. काम थांबून दोन दिवाळ्या उलटलेल्या एका ग्राहकाचे खाते मला चालू स्थितीत सापडले. दोन्हीकडे एकच यादी चालावी, असा सर्व्हर बसवण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिला आठवडा मी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय सोयी आहेत याचे तक्ते करण्यात घालवला. आज कोणी नवखा सहकारी हेच करताना दिसला, तर मी त्याला आधी दोन गोष्टी लिहून काढायला सांगते : वापरकर्त्यांची यादी कोणत्या प्रणालीच्या मालकीची आहे, आणि तिच्यात पासवर्ड कोणत्या स्वरूपात साठवलेले आहेत. या दोन उत्तरांनीच निम्मे पर्याय गळून पडतात.

व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी, म्हणजे फायली पाठवण्याची जुनी पद्धत, चालवणारा सर्व्हर साधा आणि वेगवान आहे, पण तो स्वतः डेटाबेसशी बोलत नाही. पॅम या लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेच्या एखाद्या मोड्यूलमार्फत (जोडभागामार्फत) तशी जोडणी करावी लागते, आणि ते मोड्यूल आपल्या लिनक्स वितरणात नीट सांभाळले जाते आहे का, हे वेगळे पाहावे लागते. एसएफटीपीगो हा गो भाषेत लिहिलेला तुलनेने नवा सर्व्हर आहे. तो मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूलाइट यांवर चालतो, त्याला वेबवरून हाताळता येणारे व्यवस्थापन आहे, आणि शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला मी आज तोच सुचवीन. मात्र तो स्वतःची टेबले स्वतः तयार करतो. तुमच्या आधीच्या टेबलाकडे बोट दाखवून 'येथून वाचा' असे त्याला सांगता येत नाही, त्यासाठी बाह्य प्रमाणीकरणाचा प्रोग्रॅम लिहावा लागतो. आमची यादी वेबसाइटच्या मालकीची असल्याने आमच्यापुढे खरे दोनच पर्याय उरले. प्युअर-एफटीपीडीमध्ये पासवर्ड, युआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) आणि फोल्डर आणणाऱ्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, आपण स्वतः लिहितो, आणि ही मोकळीक मला फार आवडली होती. पण त्यात एसएफटीपी ही फायली सुरक्षितपणे पाठवण्याची नवी पद्धत नाही. प्रोएफटीपीडीमध्ये डेटाबेससाठी मोड-एसक्यूएल आणि एसएफटीपीसाठी मोड-एसएफटीपी अशी दोन्ही मोड्यूले आहेत. जुन्या ग्राहकांसाठी टीएलएसवरचा (म्हणजे संदेश सांकेतिक करून पाठवणारा) एफटीपी आणि नव्यांसाठी एसएफटीपी एकाच यादीवर चालवायचे असल्याने आम्ही प्रोएफटीपीडी घेतला.

येथे नवख्यांचा एक गोंधळ दूर करते. एफटीपीएस आणि एसएफटीपी ही एकाच गोष्टीची दोन नावे नाहीत. पहिला म्हणजे 1985 च्या आरएफसी 959 मधील एफटीपीवर चढवलेले टीएलएसचे कवच. त्याला नियंत्रणासाठी एक आणि डेटासाठी दुसरी जोडणी लागते, म्हणून फायरवॉलमध्ये पॅसिव्ह पोर्टांची, म्हणजे डेटाच्या जोडणीसाठी सर्व्हरने राखलेल्या पोर्टांची, रांग उघडावी लागते. दुसरा एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या सुरक्षित जोडणीवर चालतो आणि त्याला एकच पोर्ट पुरतो. लॉगिन होते पण फोल्डरची यादी येत नाही, अशी तक्रार एफटीपीवर आली, तर पासवर्ड तपासत बसू नका, आधी पॅसिव्ह पोर्ट तपासा.

आता पासवर्डाकडे. वेबसाइट पीएचपीमध्ये असल्याने टेबलात मूळ पासवर्डांऐवजी बीक्रिप्ट पद्धतीने केलेले त्यांचे हॅश, म्हणजे उलटे न फिरवता येणारे रूप, होते. त्यांची सुरुवात डॉलर-दोन-वाय ($2y) अशी होत असे. प्रोएफटीपीडी हे हॅश ऑपरेटिंग सिस्टिमच्या क्रिप्ट फंक्शनकडे सोपवतो. आमच्या डेबियन 10 वरील ते फंक्शन बीक्रिप्ट ओळखतच नव्हते, म्हणून अचूक पासवर्ड टाकूनही 530 क्रमांकाचे नकाराचे उत्तर येई. दोन दिवस मी क्वेरीतील चूक शोधत होते, आणि क्वेरी निर्दोष होती. डेबियन 11 पासून त्या जागी लिबएक्सक्रिप्ट आले आहे आणि त्याला हे हॅश समजतात. सर्व्हर त्यावर हलवल्यावर एक अक्षरही न बदलता लॉगिन झाले. मायएसक्यूएलच्या स्वतःच्या पासवर्ड फंक्शनवर बेतलेली जुनी मार्गदर्शने मात्र बाजूला ठेवावीत, कारण मायएसक्यूएल 8 मधून ते फंक्शनच काढून टाकलेले आहे.

दुसरी अडचण फायलींच्या मालकीची आली. चढवलेल्या फायली वेबसाइटला वाचता याव्यात म्हणून मी टेबलात वेबसर्व्हरचा युआयडी, म्हणजे 33, लिहिला होता. फाइल आली, पण यादीत तिच्या मालकाच्या जागी 65533 हा आकडा दिसत होता आणि वेबसाइट तिला हात लावू शकत नव्हती. मोड-एसक्यूएल मूळ मांडणीत 999 पेक्षा लहान युआयडी मान्य करत नाही. डेटाबेसमधील एका चुकीच्या नोंदीमुळे कोणाला रूटचे, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मिळू नयेत, यासाठी ही सोय आहे. ती मर्यादा खाली आणण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. आम्ही 2001 युआयडीचा एक स्वतंत्र वापरकर्ता केला आणि वाचनाचा अधिकार गटामार्फत दिला.

सर्व्हरला वेबसाइटचे मूळ टेबलही दाखवू नये. फक्त चालू ग्राहकांचे आवश्यक रकाने देणारा एक व्ह्यू (मूळ टेबलातील निवडक भाग दाखवणारे आभासी टेबल) तयार करावा आणि सर्व्हरच्या डेटाबेस खात्याला तेवढाच वाचण्याचा अधिकार द्यावा. 2009 मध्ये प्रोएफटीपीडीच्या याच मोड्यूलमध्ये, वापरकर्त्याच्या नावातील टक्क्याच्या चिन्हाचा आधार घेऊन एसक्यूएल घुसवता येते, असा दोष उघड झाला होता. असा दोष पुन्हा निघालाच, तर लिहिण्याचा अधिकार नसलेल्या खात्यातून होणारे नुकसान मर्यादित राहते. ग्राहक बंद केला की तो व्ह्यूमधून आपोआप बाहेर पडतो. मात्र तपासणी लॉगिनच्या वेळीच होत असल्याने आधीपासून जोडलेले सत्र हाताने तोडावे लागते, हे विसरू नये.

सर्वांत मोठा धडा दिवाळी अंकांच्या दिवसांत मिळाला. मुखपृष्ठे आणि शेवटचे फर्मे एकाच संध्याकाळी येऊ लागले, आणि सातच्या सुमारास सर्व्हर व वेबसाइट दोन्हींची लॉगिने बंद पडली. नोंदवहीत मायएसक्यूएलची 'जोडण्या फार झाल्या' अशी तक्रार होती. मोड-एसक्यूएल मूळ मांडणीत प्रत्येक सत्रासाठी डेटाबेसची एक जोडणी सत्र संपेपर्यंत धरून ठेवतो. फाइलझिला हे ग्राहकांच्या संगणकावरचे फायली पाठवण्याचे सॉफ्टवेअर फोल्डर पाहण्यासाठी एक आणि फायली पाठवण्यासाठी दोन, अशी एका ग्राहकामागे तीन सत्रे उघडू शकते. पन्नास ग्राहक म्हणजे दीडशे जोडण्या, आणि मायएसक्यूएलची मूळ मर्यादा 151 आहे. प्लेट बनवणारे कामगार हातावर हात ठेवून बसले होते आणि एका संपादिकाबाई दर दहा मिनिटांनी फोन करत होत्या. ती संध्याकाळ मला अजून स्पष्ट आठवते. त्या रात्री आम्ही जोडणी काम झाल्यावर सोडून देण्याची मांडणी केली, एका ग्राहकाच्या सत्रांवर मर्यादा घातली, आणि सर्व्हरच्या डेटाबेस खात्यालाही जोडण्यांची स्वतंत्र मर्यादा लावली, म्हणजे फाइल सर्व्हर अडला तरी वेबसाइट अडणार नाही.

म्हणून निवड पक्की करण्यापूर्वी सरावाच्या मशीनवर डेटाबेस मुद्दाम बंद करून पाहावा. आम्ही तो केला, तेव्हा नवी लॉगिने अपेक्षेप्रमाणे नाकारली गेली. म्हणून आता प्रोएफटीपीडीच्या प्रमाणीकरणाच्या क्रमात डेटाबेसनंतर एक साधी पासवर्ड फाइल आहे. तिच्यात दोनच खाती आहेत : एक आमच्या प्लेट विभागाचे आणि एक माझे. दर वर्षी गणपती उठले की दिवाळी अंकांची गर्दी सुरू होण्याआधी मी डेटाबेस दहा मिनिटे थांबवते आणि त्या दोन्ही खात्यांवरून एकेक फाइल चढवून पाहते.