इव्हो ९ की इव्हो १०: दोन्ही गाड्या समोर असताना काय तपासावं

मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या या दोन पिढ्यांमधली वापरलेली गाडी घेताना तुलना अश्वशक्तीवरून करू नका. जपानमध्ये २००५ ची नऊ कागदावर २८० पीएसची (मेट्रिक अश्वशक्ती) होती आणि २००७ ची दहासुद्धा तेवढीच. दहाला ३०० पीएस मिळाले ते पुढच्या वर्षी. महाग भाग कुठले आणि ते कशामुळे जातात, यावरूनच निवड करावी.

आधी शॅसी नंबर बघा. सीझेड४ए म्हणजे दहा. सीटी९ए मात्र सात, आठ आणि नऊ तिघींचा आहे, म्हणून इंजिनावर मायव्हेक, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारी मित्सुबिशीची यंत्रणा, आहे का ते पाहा. सात-आठमध्ये ते नव्हतं. बंपर बदलून आठची नऊ दाखवता येते, पण मायव्हेक इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये असतं आणि हेड बदलणं तितकं सोपं नाही.

नऊच्या ४जी६३ इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, जड पण दणकट. त्याचा कच्चा दुवा टायमिंग बेल्ट. बॅलन्स शाफ्टचा छोटा बेल्ट तुटून मोठ्या बेल्टमध्ये अडकला की व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ चुकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट बदलल्याची लेखी नोंद नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजा आणि दोन्ही बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप यांचा एकत्र खर्च किमतीतून वजा करा.

दहाच्या ४बी११टीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि बेल्टऐवजी साखळी. साखळीला ठरलेली मुदत नाही, म्हणून ऑइल बदलायची हयगय होते आणि साखळी ताणली जाते. इंजिन रात्रभर थंड ठेवायला सांगा आणि स्वतः सुरू करा. सुरुवातीला खडखड आली किंवा स्कॅनरवर कॅमच्या वेळेचा कोड दिसला, तर पुढे जाऊ नका.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मात्र दोन्हींचं मोजाच: इंजिन गरम, इंजेक्टर बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. चारही सिलिंडरमधला फरक १ बारच्या आत हवा.

दहाला सर्वात जास्त रडवतो तो एवायसी (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) आणि एसीडी (पुढच्या-मागच्या चाकांमधला सक्रिय डिफरन्शियल) यांचा हायड्रॉलिक पंप. तो मागच्या चाकाजवळ खाली बसतो, त्यामुळे पाणी आणि रस्त्यावरचं मीठ थेट त्यावर उडतं. होक्काइदोसारख्या बर्फाळ भागातली गाडी असेल तर ती लिफ्टवर चढवून टॉर्चने पंपाचा गंज बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. डॅशबोर्डवरची एडब्ल्यूसीची (चारही चाकांच्या नियंत्रण यंत्रणेची) बिघाड-सूचना पुसून गाडी दाखवली जाऊ शकते, म्हणून साठवलेले कोडही वाचा. अमेरिकेत विकलेल्या नऊमध्ये एवायसी नव्हतंच, एसीडी मात्र होतं.

दहाचा टीसी-एसएसटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, थंड असताना कुणालाही फसवतो. अर्धा तास चालवा, मग चढावर अगदी हळू सरकवा. झटके किंवा थरथर जाणवली तर क्लच किंवा सोलेनॉइडचा संशय घ्या. त्याचं तेल वेगळं असतं, साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालत नाही. मॅन्युअल मिळत असेल तर आम्ही तीच घेऊ.

पुढची ब्रेक डिस्क नऊला ३२० मिमी, दहाला ३५०. बोल्टची रचना दोघींची ५×११४.३ असली तरी नऊची १७ इंची चाकं दहाला बसतील हे गृहीत धरू नका. ब्रेकचा कॅलिपर आड येतो.

शेवटी दोन्ही एकाच रस्त्यावर चालवा. नऊ साधारण १०० किलोंनी हलकी आहे आणि वळणावर ते लगेच कळतं. त्याआधी टायरवरचे चार अंक वाचा, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. चारही टायर सारखे झिजलेले नसतील तर मधला डिफरन्शियल सतत राबत राहतो आणि दोन्ही गाड्यांबद्दलचा अंदाज चुकतो.