पुण्याच्या कोरड्या उन्हात पाणी कसं प्यावं

पुण्याचा उन्हाळा फसवा. मुंबईत घाम ओघळतो, म्हणून पाण्याची आठवण तरी होते. इथल्या कोरड्या हवेत तो आला कधी आणि वाळला कधी, कळत नाही. संध्याकाळी हेल्मेटच्या पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ दिसते, तेव्हा हिशेब लागतो.

आधी भांडं मोजा. ‘मी दिवसाला आठ भांडी पाणी पितो’ असं मी छातीठोकपणे सांगायचो. एकदा अर्ध्या लिटरच्या बाटलीत घरचं फुलपात्र ओतून पाहिलं. तीन मावली, वर थोडी जागा उरली. म्हणजे फुलपात्र जेमतेम दीडशे मिलिलिटरचं आणि माझी आठ भांडी सव्वा लिटरसुद्धा नाहीत! निरोगी माणसाला दिवसाला साधारण दोन ते अडीच लिटर लागतं. उन्हात काम असेल तर जास्त. ताक, आमटी त्यात धरा. चहाही धरा, बेताच्या चहाने अंगातलं पाणी कमी होतं, हा गैरसमज आहे.

मग दोन दिवस वेळा लिहा. बहुतेकांच्या कागदावर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच कोरडं निघतं. बायकांचं तर नक्कीच, आणि कारण आळस नाही: बाहेर धड स्वच्छतागृह सापडत नाही, म्हणून त्या पाणीच टाळतात. त्यांना ‘पाणी पी गं’ असं सुनावून काही होत नाही. पण लघवी तुंबवून आणि पाणी टाळून जळजळ, संसर्ग, मुतखडा मागे लागतो. निघण्याच्या तासभर आधी दोन-तीन फुलपात्रं प्या, निघताना जाऊन या, आणि रोजच्या वाटेवरची बरी स्वच्छतागृहं हेरून ठेवा. पोहोचलात की पुन्हा तासाला एक-दीड फुलपात्र. दिवसभराचं राहिलेलं रात्री एकदम ढोसू नका.

रंग बघा. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. काळ्या चहाकडे झुकली तर पाणी कमी पडतंय. बी जीवनसत्त्वाच्या गोळीनेही ती भडक पिवळी होते, घाबरू नका.

घाम गाळलात तर मीठही हवं. आतकरवाडीतून सिंहगड चढताना लिटरभर पाणी जवळ ठेवा, घोट घोट घ्या. वर गेल्यावर मीठ घातलेलं ताक प्या. त्यात पाणी आणि मीठ दोन्ही मिळतं. तासन् तास घाम गाळून नुसतं पाणीच पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. घरी पन्हं, कोकम सरबत आहेच, साखर जपून.

जुलाब लागले तर सरबतावर भागवू नका. जलसंजीवनी द्या: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

आजी-आजोबांची तहान वयानुसार मंदावते. ‘पाणी हवं का?’ विचारलंत तर ‘नको’च येणार. भांडं सरळ हातात द्या, सोबत काकडी नाहीतर कलिंगडाची फोड. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्या. आणि उन्हातून आलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत आणा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.