ड्राइव्ह उघडत नाही आणि विंडोज म्हणतंय फॉरमॅट करा? थांबा, आधी हे वाचा

मागच्या मे महिन्यात मावशीचा फोन आला. ताईच्या साखरपुड्याचे फोटो मोबाइलमधून कॉम्प्युटरवर कॉपी होत होते, मध्येच लाइट गेली, परत आल्यावर डी ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की एकच मेसेज, ड्राइव्ह वापरायच्या आधी फॉरमॅट करावा लागेल. "अरे, करू का फॉरमॅट?" मी अक्षरशः ओरडलो, मावशी कॅन्सल दाब, कॅन्सल! तुमच्याकडे असं झालं तर तुमचंही पहिलं काम हेच.

झालेलं काय असतं, तर फाइल्स डिस्कवर बहुतेक जागच्या जागी असतात, गडबड होते ती त्यांच्या नोंदवहीत. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत, १९९३ पासून आहे, तिच्यात ह्या वहीला मास्टर फाइल टेबल म्हणतात, कुठली फाइल कुठे आहे नि केवढी आहे ते सगळं त्यात. सातबारा फाटला म्हणून शेत कुठे जात नाही, तसंच हे. पण चेकडिस्क ह्या विंडोजच्याच दुरुस्तीच्या प्रोग्रामचं काम असतं वही जुळवणं, तुमचे फोटो वाचवणं नव्हे, जी नोंद जुळत नाही ती ते सरळ काढूनही टाकतं. म्हणून आधी डेटा बाहेर काढा, दुरुस्ती नंतर. नेटवर बहुतेक जण उलटं सांगतात.

सगळ्यात आधी डिस्क स्वतः धड आहे का बघा. खट खट आवाज येत असेल तर कॉम्प्युटर बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, घरी काहीही ट्राय करू नका. आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून चालवा. निळं गुड आलं तर बरं, पिवळं कॉशन आलं तर खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ ह्या तीन ओळी बघा, तिथे आकडा शून्य नसेल तर डिस्कचे सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, खराब होतायत. अशा डिस्कवर दुरुस्ती चालवायची नाही, लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (म्हणजे इन्स्टॉल न करता कॉम्प्युटर थेट पेन ड्राइव्हवरून लिनक्समध्ये सुरू करून) डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम वापरून आख्खी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर करा. सी७ चा आकडा मात्र वाढत असेल तर आधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदलून बघा, बऱ्याचदा दोष तिचाच असतो.

डिस्क धड असेल आणि ड्राइव्ह उघडत असेल तर फाइल्स कॉपी करून घ्या, झालं. मावशीचा उघडतच नव्हता, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये एनटीएफएसच्या जागी रॉ लिहून आलेलं, म्हणजे विंडोजला फाइल सिस्टीमच ओळखता येत नव्हती, आणि रॉ ड्राइव्हवर चेकडिस्क चालतच नाही. इथे बिघडलेली पार्टिशन दुरुस्त करणारं टेस्टडिस्क कामाला येतं, तेही फुकट. काळी स्क्रीन बघून घाबरू नका. अॅडव्हान्स्ड, मग पार्टिशन निवडून बूट, तिथे मला दिसलं बूट सेक्टर बॅड, बॅकअप बूट सेक्टर ओके. बूट सेक्टर म्हणजे पार्टिशनचा पहिला सेक्टर, वही कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि एनटीएफएस त्याची एक नक्कल पार्टिशनच्या शेवटी ठेवतं, तीच शाबूत होती. लिस्ट दाबल्यावर ताईचा फोल्डर नावानिशी दिसला! आधी सगळं एक्सटर्नल डिस्कवर कॉपी केलं, मग बॅकअप बीएस (बीएस म्हणजे बूट सेक्टर) निवडून नक्कल जागेवर बसवली आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. लिस्टमध्ये काहीच दिसलं नाही तर टेस्टडिस्कसोबतच येणारं फोटोरेक चालवा, फाइल्स मिळतात पण नावं जातात, आणि मिळालेलं त्याच ड्राइव्हवर कधीही सेव्ह करू नका.

आता चेकडिस्क. कमांड प्रॉम्प्ट रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर करून उघडा, इंग्रजीत सी एच के डी एस के सलग टाइप करा, स्पेस, डी, कोलन, एंटर. हे फक्त बघतं, काही बदलत नाही. चुका दाखवल्या तर तीच कमांड शेवटी स्पेस आणि स्लॅश एफ लावून परत द्या. स्लॅश आर आख्खी डिस्क सेक्टर सेक्टर तपासतं, मोठ्या डिस्कला आख्खी रात्र लागू शकते, उगाच लावू नका. सी ड्राइव्ह चालू असताना दुरुस्त होत नाही, वाय दाबून रीस्टार्ट करा आणि टक्का एकाच आकड्यावर अडकलेला वाटला तरी मध्येच बंद करू नका. इन्व्हर्टर असेल तरच हे काम काढा. विंडोज सुरूच होत नसेल तर रिकव्हरी स्क्रीनवरून कमांड प्रॉम्प्ट मिळतो, फक्त तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी लागते.

सी ड्राइव्ह असेल तर नंतर एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ ही कमांड पण द्या, विंडोजच्या स्वतःच्या बिघडलेल्या फाइल्स त्याने बदलल्या जातात.

दुरुस्तीनंतर ड्राइव्हवर फाउंड डॉट ००० असा लपलेला फोल्डर आलाय का बघा, वाट चुकलेले तुकडे चेकडिस्क त्यात टाकतं. मावशीचे बाकी सगळे फोटो नीट आले, लाइट गेली त्या क्षणी जो कॉपी होत होता तो एकच वरून ताईचा चेहरा आणि खाली नुसता राखाडी पट्टा असा उघडला. मावशीने कट न करता कॉपी केलं होतं म्हणून मोबाइलमध्ये तो शाबूत होता, तिथून परत घेतला.