कॅबिनेटचा पंखा निवडताना आणि बसवताना

संगणकाच्या कॅबिनेटमधील पंखा हवा थंड करत नाही. तापलेली हवा बाहेर काढून तिच्या जागी खोलीतील हवा आणणे एवढेच त्याचे काम असते. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात खोलीचे तापमान ४० अंश असेल, तर कितीही पंखे लावले तरी आतील तापमान त्याखाली उतरणार नाही. पंख्यांची संख्या वाढवण्याआधी हवेला आत येण्याची आणि बाहेर पडण्याची मोकळी वाट आहे का, हे पाहावे.

किती हवा लागेल याचा अंदाज सोपा आहे. संगणक वापरत असलेल्या वॅटना १.७६ने गुणून, आतल्या आणि बाहेरच्या हवेत जेवढ्या अंशांचा फरक चालेल त्याने भागले की दर मिनिटाला लागणारी हवा घनफुटांत, म्हणजे सीएफएममध्ये मिळते. ३०० वॅट आणि १० अंशांचा फरक धरला तर उत्तर सुमारे ५३ सीएफएम येते. मात्र पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा समोर काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. जाळी, धूळगाळणी आणि वायरींचा गुंता यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो, म्हणून हिशेबाच्या दुप्पट क्षमता धरणे शहाणपणाचे.

मोजमाप घेताना चौकटीची कड मोजावी, स्क्रूच्या भोकांमधले अंतर नव्हे. १२० मिलिमीटरच्या पंख्यात भोकांमधले अंतर १०५ मिलिमीटर असते आणि नेमकी इथेच खरेदीत गफलत होते. जागा असेल तर मोठा पंखा घ्यावा, कारण तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत आणि कमी आवाजात हलवतो. बेअरिंग म्हणजे पात्यांचा दांडा ज्यात फिरतो तो भाग. स्लीव्ह बेअरिंगचे, म्हणजे साध्या नळीत दांडा फिरणारे पंखे स्वस्त असतात, पण कॅबिनेटच्या छताला आडवे बसवल्यास लवकर झिजतात. तिथे बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचा पंखा घ्यावा. विजेच्या पॅनेलसाठी मिळणारे २३० व्होल्ट एसीचे पंखे दिसायला जवळपास सारखेच असतात, परंतु संगणकाला १२ व्होल्ट डीसीचाच पंखा लागतो. लेबल वाचल्याशिवाय कोणतीही वायर जोडू नये.

बसवण्यापूर्वी संगणक बंद करून प्लग काढावा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटरीला धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने सहसा हवा बाहेर पडते. काही चौकटींवर बाणही कोरलेले असतात. पुढचे आणि खालचे पंखे हवा आत घेणारे, मागचे आणि वरचे बाहेर फेकणारे ठेवावेत. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त राहिली, तर फटींमधून धूळ ओढली जात नाही आणि जवळजवळ सगळी हवा गाळणीतूनच येते. आपल्याकडच्या धुळीत हा फायदा लहान नाही.

तीन पिनांचा पंखा मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) चार पिनांच्या सॉकेटमध्येही बसतो, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, त्या सॉकेटची पद्धत पीडब्ल्यूएमवरून (चौथ्या पिनेवरच्या संकेताने वेग बदलणे) डीसीवर (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणे) आणली नाही तर तो सतत पूर्ण वेगाने फिरत राहतो. 'पंखा फार आवाज करतो' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. बऱ्याच मदरबोर्डांवर एका सॉकेटमधून १ अँपिअरपर्यंतच वीज घेता येते, म्हणून वाटणी करणारी केबल वापरताना सर्व पंख्यांच्या लेबलांवरील अँपिअरची बेरीज करावी आणि ती मदरबोर्डच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. चालू केल्यावर कागदाची पातळ पट्टी प्रत्येक जाळीजवळ धरावी. ती आत ओढली जाते की बाहेर उडते, यावरून दिशा लगेच कळते.

गाळणी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवावी. ब्लोअरने पंखा साफ करताना पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने ती नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होते, शिवाय मोटर जनित्रासारखी चालून मदरबोर्डकडे उलटा वीजदाब जाऊ शकतो.